पवळ्या, सांग त्याले

रविवार, २९ नोव्हेंबर १९५३

पवळ्याला विकणार! दादाच्या उत्तमनं तेलाचं इंजिन घेतलं. अकोल्याहून मालगाडीनं वाशीमला येईल, तिथून बैलगाडीनं मळ्यात. मग मोट बंद. मोट बंद म्हणजे बैल बंद.

ही बातमी मला दिली कोणी? पवळ्यानंच! उपासनेहून आलो आणि ढवळ्याला आणायला विहिरीवर गेलो. दादा तिथं उभा. नेहमीसारखा पवळ्याच्या मानेवर हात, नजर शिंगावर. म्हणाला, "पवळ्या, सांग त्याले. इंजिन येऊन राह्यलं. तू येत्या बाजाराले केनवडले जाशीन. त्यानं आपल्या बैलाचं पाहून घ्यावं."

मी ढवळ्याच्या कानाशी तोंड नेलं. "ढवळ्या, इचार त्याले. पवळ्याच्या जागी जोडीले कोन?"

"पवळ्या, सांग त्याले. थे त्याचं त्यानं पाहावं."

झालं. दादा गेला.

लिहून पाहिलं की माझं मलाच हसू येतं. दौलतराव माझा सख्खा थोरला भाऊ. मधे एक विहीर, अलीकडं माझा भाजीचा मळा, पलीकडं त्याचा. ढवळ्या माझा, पवळ्या त्याचा. दोघांची जोडी जुंपली की मोट चालते — एक दिवस माझी पाळी, एक दिवस त्याची. मी ख्रिस्ती झालो त्या वर्षी पंचांनी दादाला बजावलं, 'भाऊ मेला समज. त्याच्या नावाची आंघोळ कर. नाही तर तुझ्या पोरी घरात बसतील.' दादा नदीवर गेला. आंघोळ केली. मी मेलो!

मेलेल्याशी बोलता येत नाही. पण विहिरीचे दोन तुकडे होत नाहीत, अन् बैलाला जात नसते. म्हणून पाळी बदलताना हे बैलांमार्फत बोलणं. तीस वर्षं होत आली. हा तिसरा पवळ्या आहे. बैल म्हातारे होऊन गेले, निरोप चालूच.

दुसरी गोष्ट लिहायची राहिलीच. पाद्रीबाबांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा ख्रिस्तजयंतीला शमुवेलबाबा बोलतील. विषय शांती." मी! शाळेची पायरी चढलो नाही. वाशीमच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं लागली. मी काय बोलणार? पण मनातून आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

सोमवार, ३० नोव्हेंबर

आज माझी पाळी. वांग्यांना पाणी दिलं. मी मोट हाकली, बायकोनं, कस्तुरानं, वाफ्यांची दारं धरली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एक वाफा फुटला नाही. एक भरला की फावड्यानं माती ओढून पाणी दुसऱ्यात. बैल उतरतात त्या धावेवरून मी नुसता पाण्याचा आवाज ऐकतो अन् कळतं, बाई कुठं आहे.

मोट सोडताना दादा आला. "पवळ्या, सांग त्याले, नाडा झिजला हाये. एखांद्या दिवशी मोटेसंगं हिरीत जाशीन म्हना."

झिजलेला दोर तर मला दिसत होताच. तरी बरं वाटलं. मेलेला माणूस विहिरीत पडेल म्हणून कोणी काळजी करतं का!

"ढवळ्या, सांग त्याले, नवा नाडा वळून राह्यलो."

एवढंच बोलणं. पण दिवसभर पुरलं.

गुरुवार, ३ डिसेंबर

इंजिन आलं. हिरवं. गाडीवरून उतरवायला सहा जण लागले. पवळ्या बघत उभा होता.

रविवार, ६ डिसेंबर

आगमनाचा दुसरा रविवार. दुपारी शांतीवर लिहायला बसलो. "शांती म्हणजे" एवढं लिहिलं. पुढं काही नाही. पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा "शांती म्हणजे". पुन्हा टोक. पेन्सिल बोटाएवढी उरली.

कस्तुरा ज्वारी निवडत होती. म्हणाली, "काय होऊन राह्यलं? शांती सापडत नाई काय?"

"शब्द सापडत नाई."

"शब्द कायले लागते जी? तुमच्या पोटात कुठं हाये ते पाहा ना आदी. भावाचं नाव निघालं का तुमचं तोंड कारल्यावानी होते. अन् चालले शांती सांगाले!"

बाई बोलते ते सुपात पाखडून बोलते. फोलपट उरत नाही.

मी म्हणालो, "त्यानं मला मेलेला केला."

"मंग झालात ना तुमी जिवंत. किरिस्ती मानूस मेला तरी जिताच राह्यते म्हनता ना?"

तिला खरं दुखणं ठाऊक आहे. बायकांचं बोलणं कधी बंद नव्हतंच. हौसावहिनी अन् कस्तुरा दोन मळ्यांमधल्या धुऱ्यावर उभ्या राहून मेथीच्या जुडीबरोबर घरच्या गोष्टी देतात-घेतात. पुष्कळ वर्षांमागं वहिनीच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली होती. दादा पितरांना पान ठेवतो — आईचं, बापाचं, आजाचं. माझं ठेवत नाही. कधीच ठेवलं नाही.

म्हणजे जिवंतांत मला जागा नाही, अन् मेलेल्यांतही नाही! कावळ्यालासुद्धा माझ्या नावाचा घास नाही! आंघोळीचं एवढं लागलं नाही, पंचांनी करवली ती. पण पान? ते तर त्याच्या मनातलं. तो काटा आत आहे. वर शांतीचा मलम कितीही लावा.

बुधवार, ९ डिसेंबर

केनवडहून आलो. पाय मोडले. पण मन! मन कसं, हरभऱ्याच्या घाट्यावानी टच्च.

उत्तम पवळ्याला घेऊन बाजाराला गेला, मी त्याच्यामागं गेलो. कस्तुराला म्हटलं, बियाणं बघतो. ती म्हणाली, "जा. बियान्याले चार पाय अन् दोन शिंगं असन तं पान्याचं भांडं संगं न्या." हिच्यापासून काय लपतं!

बाजारात बैलांच्या ओळीत पवळ्या मान खाली घालून उभा. एक व्यापारी त्याचा जबडा उघडून दात बघत होता. मी पुढं होऊन म्हणालो, "हा बैल मी घेतो." उत्तम वळला. पांढराफटक!

"काका!"

काका म्हणाला! लहान होता तेव्हापासून विहिरीवर माझ्यासमोर वावरला, पण तोंडातून हाक नाही. केनवडच्या बाजारात निघाली. परगावी मेलेली माणसं जिवंत होतात वाटतं!

"काका, तुमाले कायले म्हातारा बैल?"

"मी कोन जवान हावो? ढवळ्याले जोडी पाहिजे बाप्पा. मले कुठं इंजिन घ्याचं हाये?"

तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "बाबाले सांगू नोका, मी तुमच्यासंगं बोललो म्हून."

"अरे, सांगू कसा? थो बोलते काय माह्यासंगं!"

पोरगा हसला. पोरगा कसला, दोन लेकरांचा बाप आहे. मग आम्ही दोघांनी झाडाखाली चहा घेतला. त्यानं माझी पिशवी धरली. येताना गावाची शीव आली तसा तो पुढं निघून गेला, मी पवळ्याबरोबर मागं राहिलो. शिवेवर मी परत मेलो. पण मजेत मेलो.

गुरुवार, १० डिसेंबर

पवळ्याला माझ्या गोठ्यात ढवळ्याशेजारी बांधलं होतं. दादा सकाळीच धुऱ्यावरून आला, थबकला. तोंडातून सवयीनं निघालं, "पवळ्या, तुले कोनं आनलं बे परत?"

मग त्याच्या लक्षात आलं. पवळ्या आता माझा. माझ्या बैलाच्या तोंडून तो कसा बोलणार? हात तसाच वर राहिला, तोंड उघडं.

मीच म्हणालो. ढवळ्याला. "ढवळ्या, सांग त्याले. इकलेला बैल परत आला, त्याले दावनीले जागा हाये. मानसाले नाई काय?"

दादा खाली वाकला. खुंट्याला मी मारलेली गाठ सोडली, पुन्हा बांधली — त्याच्या हाताची, दुहेरी. पवळ्या हिसका देतो, माझी गाठ सुटली असती. मग गेला.

शनिवार, १२ डिसेंबर

इंजिन सुरू. धक् धक् धक्. आता बैलच काय, देवदूत आले तरी त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही.

रविवार, १३ डिसेंबर

हे नीट लिहून ठेवायचं आहे. पुढं विसरलो तर वाचायला.

सकाळी उपासना झाली. चर्चला चुना द्यायचं काम निघालं, मी भिंतीला कुंचला मारत होतो. आत पोरं प्रभुजन्माचं नाटक बसवत होती. धर्मशाळेचा मालक झालेला पोरगा फार जोरात ओरडायचा, "जागा नाई! जागा नाई! चला पुढं!" पाद्रीबाबा सांगत होते, हळू रे, हळू. तो आणखी जोरात. "जागा नाई!"

एवढी वर्षं ही गोष्ट ऐकतो, सांगतो. आज कुंचला हातातच राहिला. चुना मनगटावरून कोपरापर्यंत आला.

जागा नाही म्हटल्यावर त्यानं काय केलं? रुसला का? माझं पान नाही म्हणून स्वर्गात परत फिरला का? नाही! गोठ्यात आला. बैलाच्या तोंडाखाली आला. ज्यांनी दार लावलं त्यांच्याचसाठी आला. कोणी 'ये' म्हणण्याची वाट पाहिली नाही.

अन् मी? मी माझी शांती दादाच्या खुंटीला टांगून ठेवली. तो काढून देईल, मग मी अंगावर घालीन! तो बोलला तर शांती, त्यानं पान ठेवलं तर शांती. पण शांती द्यायला दादाजवळ होती कुठं? तो गरीबही बैलाशीच बोलत बसला ना. देणारा वेगळा आहे. त्यानं केव्हाच माझ्या गोठ्यात आणून ठेवली होती, मी शेजारच्या घरी मागत होतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

तिथंच गुडघे टेकले. चुन्यानं माखलेले हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही. रडलो थोडा. मग हलकं वाटलं, ओझ्याची पाटी कोणी डोक्यावरून उतरवून घ्यावी तसं. दादा बोलो न बोलो. पान ठेवो न ठेवो. त्याच्याविषयी पोटात आता काही नाही. चाचपून पाहिलं, काटा नाही!

घरी आलो तर कस्तुरा तोंडाकडं बघून म्हणाली, "काय जी, चुना तोंडाले लावला का भिंतीले? उजेड पडून राह्यला तोंडावर."

म्हटलं, "तोंडाला पण दिला एक हात."

भाषणाचा कागद चुलीत घातला. आता शब्द नकोत.

बुधवार, १६ डिसेंबर

इंजिन बंद पडलं. सकाळपासून धकधक आहे, पाणी नाही. मग धकधकही नाही. उत्तम काळा-निळा होऊन खटपटत होता. दुपारी त्यातला एक भाग फडक्यात बांधून अकोल्याची गाडी धरायला गेला.

कस्तुरा म्हणाली, "आता?"

मी म्हणालो, "आता काय. माझी मोट आहे."

पण दादाकडं मोट नाही. पवळ्या नाही. परवाच त्यानं पलीकडच्या सगळ्या तुकड्यात कांदा लावला आहे. रोपं कोवळी, सुतासारखी.

गुरुवार, १७ डिसेंबर

उत्तम आला नाही. दादाचा कांदा माना टाकतो आहे. त्याला पाणी द्यायला विचारावं तर विचारू कोणामार्फत? बैल दोन्ही माझे!

शुक्रवार, १८ डिसेंबर

घाईत लिहितो आहे, अक्षरं तिरकी येतील. येऊ दे!

आज उजाडताना मोट जुंपायला गेलो, माझ्या कोबीसाठी. बघतो तर पलीकडं दादा अन् वहिनी घागरीनं कांद्याला पाणी घालतात! दादाच्या वयाला! एक घागर विहिरीतून ओढायची, वाकत वाकत न्यायची, वाफ्यात ओतायची. वाफा गिळून टाकतो, मागं ओलसुद्धा राहत नाही. अख्खा तुकडा पुढं पडलेला. समुद्राला चमच्यानं भरायचं काम.

फार विचार केला नाही. विचार केला असता तर बैलाला निरोप सांगत बसलो असतो. मोट रिकामी होते त्या थारोळ्यापाशी गेलो. माझ्या बाजूचा पाण्याचा दांड मातीनं बुजवला, त्याच्या बाजूचा फोडला. ढवळ्या-पवळ्याला हाक दिली. पहिली मोट वर आली, धो धो रिकामी झाली, पाणी निघालं दादाच्या मळ्यात. दुसरी. तिसरी. मी नाड्यावर बसून धावेवरून खाली जातो आहे, गळ्यात भजन आलं आहे. ढवळ्या-पवळ्या असे चालले होते, नवरदेवाच्या गाडीला जुंपल्यासारखे!

अन् एक गोष्ट साफ विसरलो. दारं कोण धरणार?

मोट एकटा हाकतो माणूस, पण वाफ्याशी दुसरा लागतो. कस्तुरा घरी. दादाला तर ठाऊकच नाही पाणी आलं ते, तो पाठमोरा वाकलेला. पहिला वाफा भरला, काठोकाठ झाला, फुटला! पाणी धुऱ्याकडं पळालं, रोपं घेऊन चाललं!

तेव्हा दादा वळला. घागर टाकली. अन् ओरडला. बैलाकडं बघून नाही! माझ्याकडं! माझ्या डोळ्यांत बघून!

"अबे जानराव! दारं कोन धरन, तुहा आजा? वाफा फुटून राह्यला! डोये फुटले काय तुहे? थांबव मोट, थांबव!"

जानराव! आईनं ठेवलेलं नाव. तीस वर्षांत घरच्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पाद्रीबाबांच्या वहीत मी शमुवेल, बाजारात मी 'किरिस्ती माळी'. जानराव कुठं पुरलेला होता, आज वाफ्यातून वर आला!

मी मोट थांबवली. दोघं एकमेकांकडं बघत उभे. मधे नुसतं पाणी वाहत होतं. वहिनीनं पदर तोंडावर घेतला. तिच्या खांद्यांवरून वाटलं, रडते. जवळ गेल्यावर कळलं, हसत होती.

दादानं फावडं उचललं. फुटलेला काठ बांधला. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. मग मान वर न करता म्हणाला, "आता पाहून काय राह्यला? हाक ना!"

मी हाकली. दिवस डोक्यावर येईपर्यंत हाकली. मी धावेवर, तो दारांवर. लहानपणी बाप असताना असंच होतं — तो दारं धरायचा, मी नाड्यावर. पाण्याच्या आवाजावरून मला कळत होतं दादा कुठं आहे. शेवटच्या वाफ्यापर्यंत.

मोट सोडली. दादा जवळ आला. सवयीनं पवळ्याच्या मानेवर हात ठेवला, तोंड उघडलं. "पवळ्या, सांग..."

थांबला. हात काढला. माझ्याकडं वळला.

"भाकर खाल्ली काय?"

"नाई."

"मंग चाल."

धुऱ्यावर बसून खाल्ली. वहिनीची भाकर, ठेचा, कांद्याची पात. प्रभूच्या मेजावरही मला एवढी भूक लागली नसेल, तो मला क्षमा करो. करेलच. त्यानंच तर वाढलं!

रविवार, २० डिसेंबर

उत्तम आला, इंजिन पुन्हा सुरू. मला वाटलं, आता दादा परत मागं सरकेल. गावानं बघितलं आहे, बातमी पारावर गेली आहे. संध्याकाळी कस्तुरा धुऱ्यावरून आली. तिथलं बोलणं जसंच्या तसं सांगत होती. उत्तमनं बापाला विचारलं म्हणे, "बाबा, पंच काय म्हनतीन?"

दादा म्हणाला, "कोनते पंच बे? ज्यायनं सांगतलं थे सारे खरेखुरे मेले. ज्याले मारला थो तेवढा जिता राह्यला!"

एवढं हसलो की ठसका लागला. कस्तुरानं पाठ थोपटली. यंदा वैशाखात दादाची धाकटी उजवली, आता घरात लग्नाची पोर नाही. कोणाला घाबरायचं?

मंगळवार, २२ डिसेंबर

कामट्या बांधून तारा केला. लाल पतंगाचा कागद. खळ कमी पडली, वहिनीनं वाटीभर पाठवली. उत्तमच्या हाती! भर दुपारी! पुढच्या दारानं!

शुक्रवार, २५ डिसेंबर. ख्रिस्तजयंती

प्रभूची स्तुती असो!

यंदा पाद्रीबाबांना चर्चच्या अंगणात खरी गव्हाण पाहिजे होती. मी ढवळ्या अन् पवळ्याला नेलं. शिंगांना झेंडूच्या माळा. कडब्याची पेंढी टाकली, वर बाळाची गादी. पवळ्यानं उपासना सुरू होण्याआधीच अर्धी गादी खाल्ली! पोरं हसून लोळली. पाद्रीबाबा म्हणाले, "पहिल्या रात्रीही असंच झालं असेल."

मी बोलायला उभा राहिलो. हातात कागद नाही. समोर आमची चाळीस-पन्नास माणसं, मागं उघडं दार, दारात ऊन. तोंड उघडलं आणि दारातल्या उन्हात पांढरा पटका दिसला.

दादा! पायरीवर बसला, आत आला नाही. जोडे बाजूला काढून ठेवले होते. शेजारी वहिनी, नवं लुगडं.

साधंच बोललो. "बंधुभगिनींनो, शांती म्हणजे पाणी. मोट देव हाकतो. आपल्याला वाटतं, पाणी येतच नाही. येतं! पण दारं कोणी धरायची? आपण फावडं घेऊन वाफ्याशी उभं राहायचं. नाही तर आलेलं पाणी धुऱ्यावर वाहून जातं, अन् आपण घागर घेऊन रडत बसतो. जागा नाही म्हटलं तरी प्रभू आला. तुम्हीही जा. कोणी बोलावण्याची वाट पाहू नका. शिव्या बसतील. बसू द्या. शिवीसुद्धा माणूस माणसालाच देतो, मेलेल्याला नाही!"

आमचे लोक 'आमेन' म्हणाले. पायरीवरून वेगळाच आवाज आला, "बरोबर हाये!"

नंतर पाद्रीबाबा बाहेर आले, दादाला हात जोडले. "शमुवेलबाबांचे भाऊ ना आपण? या, या."

दादा म्हणाला, "मी पवळ्याले पाहाले आलतो." मग जोडे पायात सरकवत, "शमुवेल तुमचा असन. माहा जानराव हाये थो."

"दोघंही जेवायला बसा," पाद्रीबाबा म्हणाले.

अंगणात पंगत बसली. करंज्या, शेव, वांग्याचं भरीत, पोळ्या. दादा काय करतो म्हणून मी चोरून बघत होतो. तो आला, माझ्या डाव्या अंगाला बसला. कस्तुरानं पत्रावळ मांडली. वहिनी मोठ्यानं म्हणाली, "पाहा व बाई, मेलेल्याच्या पंगतीले बसला तुहा जेठ!"

"मेलेलाच बाजूले जेवून राह्यला तं काय करू?" दादा म्हणाला, अन् पाण्याचा तांब्या उचलून घोट घेतला. आमच्या पंगतीचं पाणी. मग माझ्या पत्रावळीतली करंजी उचलली. लहानपणीही माझीच उचलायचा!

बाजूला दोन्ही बैल रवंथ करत उभे. आज त्यांना कोणी काही सांगायला सांगितलं नाही. त्यांनाही सुट्टी.

एवढ्या ख्रिस्तजयंत्या गेल्या. गाणी मी म्हटली, टाळ मी वाजवले. पण 'पृथ्वीवर शांती' म्हणतात ती आज माझ्या पत्रावळीशेजारी मांडी घालून बसली होती.

रविवार, २७ डिसेंबर

आज वहिनी पहिल्यांदा माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहा बशीत ओतला, फुंकर घातली अन् सहज म्हणाली, "भाऊजी, आता पोरी उजवल्या, पंच मेले, मले बोलाले हरकत नाई. तुमच्या नावाची आंघोय करून हे नदीवरून आले ना, मीच धोतर धुवाले घेतलं होतं. कोरडं ठक्क होतं. काठ बी ओला नाई. डोक्यावर तेवढं पानी मारून आल्ते, लोकाईले दाखवाले. मले म्हने, कोनाले सांगशीन तं माही आन हाये."

म्हणून पान नव्हतं.

अरे दादा! मी मेलोच नव्हतो!